शटर ओढायची सळई

१

"सळई गेली, मॅडम!"

गजेंद्रचा फोन आला तेव्हा वंदनाताई बुलढाण्याच्या कोर्टाच्या पायऱ्या उतरत होत्या आणि त्यांचं डोकं आधीच तापलेलं होतं. समोरच्या वकिलाची पाठ दुखत असल्यामुळे पुन्हा पुढची तारीख पडली होती. ही पाठ एरवी क्रिकेट खेळायची, सुनावणीच्याच दिवशी दुखायची.

"कोणती सळई?"

"कोणती म्हनजे? आपली! शटरची! हापिसातून चोरीले गेली!"

वंदनाताई पायरीवरच थांबल्या. किराणा व दुकान कामगार संघाच्या त्या बिनपगारी वकील. पंधरा-वीस वर्षं संघाचे खटले लढवले होते, आणि त्या सळईची गोष्ट त्यांनी इतक्यांदा ऐकली होती की झोपेतही सांगितली असती. चौऱ्याऐंशी साल. बाजारातल्या दुकानांना सुट्टी हा प्रकारच नव्हता. नोकर उजाडताना यायचे, अंधार पडल्यावर जायचे, सातही दिवस. एके दिवशी ऐन गर्दीत, मोठ्या शेटच्या किराणा दुकानाचं शटर त्यांचाच नोकर उत्तमराव इंगळे यानं हूक असलेल्या सळईनं खाडकन खाली ओढलं. ते पाहून शेजारच्या दुकानाचं पडलं, मग त्याच्या पुढचं. उत्तमरावला पोलिसांनी उचललं, संप झाला, संघ जन्मला आणि शेवटी बाजाराला आठवड्याची सुट्टी मिळाली. तेव्हापासून ती सळई संघाच्या भिंतीवर होती.

आज संध्याकाळी संघाला चाळीस वर्षं होत होती. त्याच जुन्या दुकानासमोर मांडव पडला होता आणि उत्तमराव त्याच सळईनं तेच शटर पुन्हा एकदा ओढणार होते. ही कल्पना अध्यक्ष गजेंद्रची. त्याला नगरपालिकेला उभं राहायचं होतं, त्यामुळे चॅनलवालेही बोलावले होते.

"पोलिसांत जा," वंदनाताई म्हणाल्या.

"अन् काय सांगू? लोखंडाची सळई चोरली म्हनून? हसतीन ते मले! तुमीच या ना."

त्या गेल्या. नाही म्हणायचं हे त्यांना कधीच जमलं नव्हतं, आणि त्याचाही त्यांना राग होता.

संघाचं ऑफिस युसूफचाचाच्या शिलाईच्या दुकानावर, माडीवर. भिंतीवर नुसते खिळे. कुलूप शाबूत, खिडकीला गज. जिना इतका अरुंद आणि वळणाचा की खुर्ची वर न्यायची तरी दोघांना भांडावं लागे.

युसूफचाचा मशीन थांबवून वर आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "मॅडम, काल सांजच्याले सळई इथी होती, मी पाह्यली. अन् आज फजरच्या नमाजापासून मी जिन्याच्या तोंडाशी बसून हाय. तेवढी लांब सळई माह्या नाकासमोरून नेनार कोन? लिहून घ्या. सळई इथून खाली गेलीच नाही."

२

"चाव्या किती?"

"दोन," गजेंद्र म्हणाला. "एक माह्यापाशी, एक उत्तमरावपाशी."

"तीन," युसूफचाचा म्हणाले. "एक माह्या दुकानात खिळ्याले हाय. ज्याले लागते तो नेते."

"ज्याला लागते तो नेतो," वंदनाताईंनी शब्द चावून म्हटले. "मग कुलूप कशाला लावता?"



त्यांनी खोली पाहिली. कपाटामागे काही नाही, बाकाखाली काही नाही. कोपऱ्यात एक नवाकोरा बांबू भिंतीला टेकून उभा होता. बाहेरच्या गॅलरीच्या छताला संघाचा लाल कापडी फलक लागला होता, दोन्ही टोकांना झेंडूच्या माळांचे जाड गोंडे. रस्त्यावरून छान दिसत होता.

"हे कोणी लावलं?"

"चाचानं," गजेंद्र म्हणाला.

"मी? मी शिवलं फक्त. वरती बांबू सरकवाले नेफा ठेवला, अन् काल सांजच्याले वर आनून दिलं. लावलं याच्या पोट्ट्यायनं."

"माहे पोट्टे सकाळपासून मांडवात हायेत! शिडीबी त्यायच्यापाशीच हाय."

"म्हंजे आपोआप लागलं का बे?"

"पुरे!" वंदनाताई ओरडल्या. सळई सोडून दोघं फलकावर भांडत होते. "चाचा, ते शटर प्रकरण तुम्ही पाहिलं होतं ना?"

"या डोळ्यानं! मी तवा कापड दुकानात होतो, मागच्या गल्लीत."

"मागच्या गल्लीतून दिसलं? उत्तमरावांनी ओढताना?"

चाचांनी टोपी सारखी केली. "म्हंजे... वरडा ऐकून धावत आलो. ओढलेलं पाह्यलं. अन् पोलीस त्याले नेताना पाह्यलं."

वंदनाताईंना आजवर भेटलेल्या प्रत्येक जुन्या सभासदानं ते 'या डोळ्यानं' पाहिलं होतं. आता त्यांना वाटलं, या सगळ्यांना मागच्या गल्लीतच कोंडून ठेवायला हवं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. उत्तमराव इंगळे दारात मान वाकवून आत आले. त्यांना बाजारात अजून 'उंट' म्हणत, पण प्रेमानं. सत्तरी जवळ आली तरी पाठ ताठ होती. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, आणि वंदनाताईंना वाटलं की म्हातारा हादरेल. ते हादरले नाहीत.

"गेली तं गेली," ते म्हणाले. "शटरचा कार्यक्रम रद्द करा. नुसती भाषनं होऊ द्या."

"रद्द? चॅनलवाले मलकापुराहून निघालेत!" गजेंद्रचा आवाज चिरका झाला. "दुसरी सळई आनतो ना मी. लोहाराकडं ढिगानं पडल्यात."

"खोटी सळई मी हातात धरनार नाही," उत्तमराव म्हणाले आणि बाकावर बसले ते बसलेच.

"दादा, काल इथं कोण कोण आलं होतं, तुम्हाला माहीत आहे?" वंदनाताईंनी विचारलं. उत्तर चाचांनी दिलं.

"एक म्हातारी आलती. मनकर्णाबाई म्हने, धामनगाव बढेची. मले विचारून वर आली. सळईवर हात फिरवला अन् म्हने, हे माही हाय."

उत्तमरावांनी झटकन मान वर केली आणि तितक्याच झटकन खाली घातली.

३

मनकर्णाबाईकडे जाण्याआधी अविनाशला गाठणं भाग होतं. मोठ्या शेटचा तो नातू. आजोबांचं किराणा दुकान आता त्याचं गोदाम होतं, आणि त्यानं चिखली रस्त्यावर काचेचा मार्ट काढला होता. ती सळई संघानं भिंतीवरून काढून टाकावी म्हणून तो मागे लागलेला होता, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं.

"हो, लागलो होतो मागे," तो सरळ म्हणाला. "दरवर्षी माझ्या आजोबांना शिव्या द्यायच्या, आणि वर्गणी मागायला माझ्याकडेच यायचं. तुम्हीच सांगा ताई, माणसानं चिडू नये?"

"चिडावं. चोरावं का?"

"चोरून काय करू? आज त्यांनी शटर ओढलं की पुढचं वाक्य माझं आहे. मी स्टेजवर उत्तमरावांना मिठी मारणार, माझ्या मार्टचा बोर्ड मागे दिसणार. गजेंद्रशी ठरलंय तसं. सळई गेली तर माझी मिठी गेली."

वंदनाताईंना हसू आलं आणि त्याचाही राग आला. या माणसाला सळई हवीच होती. गजेंद्रलाही हवी होती. मग ती नको होती तरी कोणाला?

"जुनं दुकान दाखवा."

अविनाश नाखुशीनं निघाला. गोदामाचं कुलूप काढून त्यानं शटर वर ढकललं. आत साखरेची पोती रचलेली होती. बाहेर मांडववाले खिळे ठोकत होते, माईकवाला "हॅलो, हॅलो" करत होता, आणि तिसऱ्या "हॅलो"ला वीज गेली.

वंदनाताईंनी वर गेलेल्या शटरच्या कडेकडे हात उंचावला. टाचा वर केल्या तरी बोटं वीतभर खालीच राहिली.

"आजोबा माझे ठेंगणे," अविनाश म्हणाला. "दुकानही त्यांनी बुटकंच बांधलं. उंच गिऱ्हाईकाचा हात सहज शटरला लागे. त्यांना स्वतःला मात्र ते पुरायचं नाही, म्हणून तर सळई ठेवलेली असायची."

वंदनाताई शटरकडे पाहत राहिल्या. काहीतरी खटकलं होतं, पण नेमकं काय ते सापडेना. तेवढ्यात गजेंद्रचा फोन. लोहाराकडची सळई आणली होती, म्हातारा हात लावायला तयार नव्हता, आणि कार्यक्रमपत्रिकेत मुख्य पाहुण्यांचं नाव चुकलं होतं. वंदनाताईंनी फोन बंदच करून टाकला आणि गाडी राजूर घाटाकडे वळवली.

४

धामणगाव बढेत मनकर्णाबाईचं घर शोधायला वेळ लागला नाही. अंगणात खाटेवर ती तूर निवडत बसली होती. चणीनं इतकी लहान की पाय जमिनीला टेकत नव्हते. बाजूला तिची मुलगी छकुली शेळीला चारा घालत होती. छकुली हे नाव चाळिशीच्या बाईचं होतं, पण गावात कोणालाच त्यात काही वाटत नव्हतं.

वंदनाताईंनी ओळख सांगितली, कशासाठी आल्या तेही सांगितलं. म्हातारीनं सुपातले खडे बाजूला टाकले.

"मले चोर म्हनाले आली का वो तू बाई?"

"नाही. विचारायला आले."

"मी काऊन चोरू? अन् त्या खिळ्यापर्यंत हात तरी पुरते का माहा? काल नुसतं खालचं टोक धरून पाह्यलं."

"मग 'माही हाय' असं का म्हणालात?"

"म्हनलं म्हनून काय झालं?" ती उसळली. "मी त्या दुकानात धान्य निवडाले होती. आमी चार-पाच बाया होतो. बसून बसून कंबर मोडे. दुकान लावाची वेळ झाली का शेट म्हने, मनकर्णे, सळई घे. रोजची माह्या हातातली वस्तू ते. मंग माही नाही तं कोनाची?"

"त्या दिवशी तुम्ही दुकानात होता?"

सूप थांबलं.

"आई, सांग ना आता," छकुली म्हणाली.

"तू गप वो!" म्हातारी तिच्यावर खेकसली, मग वंदनाताईंकडे वळली. "मले विचारू नको. उत्तमले विचार. चाळीस वर्षं झाले, त्याच्याच तोंडून ऐकाचं म्हनून थांबली मी. आज मी येऊन राह्यली कार्यक्रमाले. त्याले तसा निरोप देला हाय काल."

"काल? म्हणजे उत्तमरावांना माहीत होतं, तुम्ही येणार ते?"

"मंग? त्याच्या घरी जाऊन सांगून आली."

उत्तमरावांनी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. वंदनाताईंनी दोघींना गाडीत बसवलं. घाट चढताना पुढे उसाची ट्रॉली आडवी आली. हॉर्न वाजवून काही होत नव्हतं. वंदनाताई स्टिअरिंगवर बोटं आपटत बसल्या. मागच्या सीटवर म्हातारी खिडकीची काच खाली करायला धडपडत होती. छकुलीनं हात लांबवून ती केली.

आणि वंदनाताईंची बोटं थांबली. शटर, सळई, फलक, बांबू, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं.

"सळई कुठंय ते कळलं मला," त्या म्हणाल्या. "आणि कोणी नेली तेही."

५

ऑफिसात उत्तमराव एकटेच होते. खाली मांडवात माईक एकदाचा चालू झाला होता. वंदनाताईंनी मायलेकींना चाचांच्या दुकानात बसवलं आणि वर येऊन दार लावून घेतलं.

"दादा, गॅलरीत चला."

ते आले. दारातून जाताना मान वाकवली.

"चाचानं या फलकाला बांबूसाठी नेफा ठेवला होता. बांबू आत कोपऱ्यात उभा आहे. नुसत्या दोरीवर एवढं कापड मधे लोंबलं असतं. हे कसं ताठ आहे बघा. म्हणजे नेफ्यात दुसरं काहीतरी लांब आणि सरळ आहे. टोकाचा हूक झेंडूत लपलाय."

उत्तमराव कठड्याला हात लावून उभे राहिले.

"फलक कोणी लावला ते कोणालाच माहीत नाही. शिडी मांडवात होती. शिडीवाचून या छतापर्यंत हात कोणाचा पुरतो? गजेंद्रचा नाही, चाचाचा नाही, माझा तर नाहीच. चाचा मशीनवर बसायच्या आधी पहाटेच तुम्ही येऊन गेलात. सळई खाली गेलीच नाही, हे त्यांचं खरं होतं."

"चोरी नाही केली मी," ते पुटपुटले.

"नाही केली. लपवली. का, ते मला त्या बुटक्या शटरनं सांगितलं. मला त्याची कड पुरत नाही. तुमच्या हाताला ती सहज लागेल. घाईनं, रागानं शटर ओढणारा उंच माणूस हात वर करतो आणि ओढतो, कोपऱ्यातली सळई शोधत बसत नाही. ज्याचा हात पुरत नाही त्यालाच सळई लागते. आज चॅनलसमोर तुम्ही त्या शटरखाली सळई घेऊन उभे राहिला असता, तर कोणीतरी हसून विचारलंच असतं. आणि विचारणारी पुढच्या रांगेत बसणार, हा निरोपही तुम्हाला कालच मिळाला होता. सळई हरवावी असं वाटणारे या गावात तुम्ही एकटेच होता. म्हणून खोटी सळईसुद्धा नको होती. शटर तुम्ही ओढलंच नव्हतं."

खाली कोणीतरी 'कामगार एकजुटीचा' म्हणून घोषणा देऊन पाहत होतं.

"आम्ही नोकर मानसं निस्ते बोलत होतो," उत्तमराव शेवटी म्हणाले. "महिनोन्महिने बोलत होतो. त्या बाईनं सळई उचलली अन् ओढलं. शेट वरडला, पोलीस आले. इन्स्पेक्टर म्हने, कोनं केलं? ती एकटी बाई, नवरा गेलेला, घरी लहान लेकरू. तिले आत टाकलं असतं तं लेकराचं काय? मी म्हनलं, मी केलं. शेटनं पाह्यलं होतं सारं. पन आपलं शटर एका निवडनाऱ्या बाईनं पाडलं, हे त्यालेबी सांगाची लाज वाटली. तोबी म्हने, यानंच केलं."

"हे चांगलंच केलंत की तुम्ही."

"तेवढं चांगलं केलं. सुटून आलो तं लोकायनं खांद्यावर घेतलं. वाटलं, खाली उतरलो का सांगतो." त्यांनी खाली मांडवाकडे पाहिलं. "उतरलोच नाही, बाई. संघ झाला. घटना लिहिली, तं निवडनाऱ्या बाया दुकानाच्या नोकर नाहीत म्हनून त्यायले सभासदबी नाही केलं. मी अध्यक्ष होतो. तिचं काम गेलं, ती गाव सोडून गेली. मी दरसाल हार घालून घेत राह्यलो."

वंदनाताई दिवसभर चिडून होत्या. आता चिडायला समोर एक लांब, वाकलेला म्हातारा होता, आणि राग कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

"ती खाली बसली आहे," त्या म्हणाल्या. "मी कोणाला काही सांगणार नाही. ते काम तुमचं."

उत्तमरावांनी हात वर केला. टाचाही उचलाव्या लागल्या नाहीत. दोरी सोडून त्यांनी नेफ्यातून सळई बाहेर ओढली आणि फलक घडी घालून वंदनाताईंच्या हातात दिला.

६

सळई सापडली म्हणून गजेंद्रनं आधी फटाके लावले. कुठे सापडली हे विचारायला त्याला सवड नव्हती. मांडव भरला होता. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून अविनाशनं मार्टमधल्या मुली गणवेशातच पाठवल्या होत्या, थोड्या वेळासाठी.

उत्तमरावांनी माईक धरला आणि सगळं सांगितलं. लांबवलं नाही, रडले नाहीत. गजेंद्र मधेच "उत्तमरावांचा हा मोठेपणा आहे" असं म्हणायला उठला, तेव्हा त्यांनी "बस बे खाली" एवढंच म्हटलं. टाळ्या वाजल्या नाहीत. जुने सभासद एकमेकांकडे पाहत होते. या डोळ्यांनी पाहिलेलं आता कुठे ठेवायचं हा त्यांचा प्रश्न होता. युसूफचाचा तेवढे मोठ्यानं "या अल्ला" म्हणाले.

मग उत्तमराव खाली उतरून मनकर्णाबाईपाशी गेले आणि सळई तिच्यापुढे धरली. "वहिनी, माफी मागाचं तोंड नाही. हे तुमची हाय."

तिनं सळई घेतली नाही. छकुलीचा हात धरून ती स्टेजवर चढली. माईक तिच्या कपाळाशी येत होता, तो खाली करताना माईकवाल्यानं करकर आवाज काढला.

"आता शटर वढा, आजी!" गजेंद्र कॅमेऱ्याकडे पाहत ओरडला.

"कायले वढू? दुकान तं बंदच हाय," ती म्हणाली. मांडवात हसू फुटलं. ती हसली नाही. "तुमी सारे म्हनता, सुट्टीसाठी वढलं, संघासाठी वढलं. मले काय माहीत संघ? हे माही छकुली. हिले त्या दिवशी सनकून ताप होता. शेजारनीपाशी ठेवून आलती मी. सकाळपासून शेटले म्हनत होती, घरी जाऊ द्या. तो म्हने, दुकान बंद झाल्यावर जाय."

तिनं त्या शटरकडे बोट केलं.

"म्हनून बंद केलं."

उत्तमराव सळई हातात घेऊन तसेच उभे होते. चाळीस वर्षांत त्यांनाही हे माहीत नव्हतं.

"मले वाटलं, मी एकटी घरी जाईन," म्हातारी म्हणाली. "मांगं पाह्यलं, तं बाजूच्यानंबी पाडलं, त्याच्या पुढच्यानंबी पाडलं. साऱ्यायलेच घरी जायचं होतं. एवढंच झालं. अजून काय सांगू?"

पहिल्या रांगेतला अविनाश उठला. त्यानं घड्याळ पाहिलं आणि मागे वळून गणवेशातल्या मुलींना हातानं खूण केली. "चला गं, काउंटर उघडायचेत."

एकही मुलगी उठली नाही.

अविनाशनं पुन्हा खूण केली. मनकर्णाबाईनं वरून ते पाहिलं आणि माईकवरच सांगितलं, "बसा वो पोरीहो. चहा येऊन राह्यला."